साडेएकोणचाळीस सेकंद

शाळेत त्यांना सगळे मामा म्हणत. मुख्याध्यापक मामा म्हणत, शिपाई मामा म्हणत, कालपरवा दाखल झालेली पोरंही पहिल्याच दिवशी मामा म्हणून मोकळी होत. एवढा भाच्यांचा गोतावळा असलेल्या माणसाला जगात शत्रू कुठून असणार? नव्हताच. मामांनी उभ्या जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही. त्यांच्या घराचं जे वाटोळं झालं ते ह्याच एका चांगुलपणानं झालं, असं म्हटलं तर कुणाला राग येईल. येऊ दे.

मामा प्रयोगशाळेत साहाय्यक होते. दुसऱ्या मजल्याच्या टोकाला लांबलचक खोली, तिच्यात दगडी ओटे, प्रत्येक ओट्याशी एक गळका नळ आणि भिंतीला काचेची कपाटं. कपाटांच्या बावीस किल्ल्या मामांच्या कमरेला. तासाच्या आधी स्टँड मांडायचे, भिंगं पुसायची, लंबकाला दोरे बांधायचे, आणि तास संपला की सगळं मोजून परत आत ठेवायचं. हे काम त्यांनी अडतीस वर्षं केलं. एक भिंग इकडचं तिकडे झालं नाही. वस्तूंच्या बाबतीत मामा घड्याळासारखे होते. वस्तूंना उद्या नसतो, म्हणून असेल.

बाकी सगळ्याला उद्या होता. मामा ह्याच शाळेचे विद्यार्थी. डोकं बरं होतं, अक्षर मोत्यासारखं आणि आकृती अशी काढायचे की गुरुजी ती इतर वर्गांत फिरवायचे. पण हातात घेतलेलं वेळेवर पुरं करतील तर शपथ. ‘करू की, पळून का चाललंय?’ हे त्यांचं पालुपद. शेवटच्या वर्षी गणितात राहिले. पुन्हा बसायचा अर्ज महिनाभर खिशात घेऊन हिंडले आणि मुदत संपल्यावर नेऊन दिला. त्याच सुमारास प्रयोगशाळेत माणूस हवा होता. पुढच्या वर्षीचा अर्ज भरेपर्यंत तात्पुरतं म्हणून मामा तिथे लागले, आणि ते तात्पुरतं त्यांच्या केसांसकट पांढरं झालं. लग्न उशिरा झालं, मुलगी त्याहून उशिरा.

आता ह्या गोष्टीतली मुख्य वस्तू सांगायला हवी. ती म्हणजे मामांचं जुनं जर्नल.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना दहा प्रयोग असत. केलेला प्रयोग त्याच आठवड्यात जर्नलमध्ये उतरवायचा. उजव्या रेघी पानावर शाईनं लिखाण, डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आकृती आणि तिच्याखाली रीडिंगचा तक्ता. ‘त्याच आठवड्यात’ हा नियम प्रयोगशाळेच्या दारामागे चिकटवलेला होता आणि दार दिवसभर उघडंच असायचं, त्यामुळे तो कधी कुणाच्या नजरेला पडला नाही. पोरं वर्षभर टंगळमंगळ करायची. प्रयोगाच्या तासाला एकजण करायचा आणि पाचजण खिडकीतून खाली बघायचे. मग परीक्षा आठ दिवसांवर आली की तहान लागल्यावर विहीर खणायला सगळे मामांच्या मागच्या खोलीत गोळा.

“मामा, पाच प्रयोग राहिलेत.”

“माझे सात. मामा, तुम्हीच काय ते करा.”

मामा कपाळाला हात लावायचे, “अरे गाढवांनो, वर्षभर काय झोपा काढल्यात?” असं दरवर्षी त्याच सुरात विचारायचे आणि तळच्या कपाटातून स्वतःचं जुनं जर्नल बाहेर काढायचे. ते त्यांच्या शिकायच्या वर्षाचं. कोपरे झिजलेले, पण आकृत्या अजून कालच्यासारख्या. पोरं ते पाळीपाळीनं उतरवून घ्यायची, आकृतीसकट, रीडिंगसकट. ज्यांचा हात अगदीच लुळा, त्यांच्या आकृत्या आणि तक्ते मामा स्वतः काढून द्यायचे. त्या आठ दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर एक तजेला यायचा. आपल्या हाताला अजून मागणी आहे असं माणसाला वाटलं की तो कुणाचं भलं करतोय की वाट लावतोय, हे बघायच्या भानगडीत पडत नाही.

भौतिकशास्त्राचे सर त्या जर्नलांवर न उघडता सह्या करायचे. बाहेरून येणारे परीक्षक गठ्ठा अंगठ्यानं फर्रकन चाळायचे आणि चहा प्यायचे. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

त्या जर्नलमधला चौथा प्रयोग साध्या लंबकाचा होता. दोऱ्याला धातूचा गोळा बांधायचा, दोऱ्याची लांबी ठरवायची, गोळा हलवायचा आणि वीस हेलकाव्यांना किती सेकंद लागतात ते मोजायचं. लांबी शंभर सेंटिमीटर, मग नव्वद, मग ऐंशी, मग सत्तर. हा प्रयोग मामांनी स्वतःच्या वर्षी केलाच नव्हता. उद्या करू म्हणता म्हणता शेवटचा दिवस आला, तेव्हा व्हरांड्यात उभं राहून एका मित्रानं रीडिंग भराभर सांगितली आणि ह्यांनी भराभर लिहिली. शंभरला चाळीस पॉइंट एक. नव्वदला अडतीस पॉइंट एक. ऐंशीला मित्र म्हणाला पस्तीस पॉइंट नऊ, आणि घाईत ह्यांनी लिहिलं एकोणचाळीस पॉइंट पाच. नव्वदच्या दोऱ्याला अडतीस सेकंद आणि त्याहून आखूड ऐंशीच्या दोऱ्याला साडेएकोणचाळीस! लंबक एकदा जरी हलवून बघितला असता तरी ध्यानात आलं असतं. कुणी हलवला नाही. अडतीस वर्षं हा आकडा त्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिला, आणि अडतीस वर्षं त्या लंबकाला दोरा बांधणाऱ्या माणसानंही तो एकदाही मोजला नाही.

मामांची मुलगी ह्याच शाळेत होती. शाळेत तीही त्यांना मामाच म्हणायची. ते दोघांनी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं, वर्गात उगाच हसं व्हायला नको म्हणून. घरी ती बाबा म्हणायची. तिची आई शिवणकाम करायची, जिभेची तिखट. पोरीला ती घाईबाई म्हणायची, कारण घाई ही गोष्ट पोरीच्या गावीही नव्हती.

“घाईबाई, अभ्यास?”

“करते गं. अजून दोन महिने आहेत.”

“खाण तशी माती,” आई मशीन चालवता चालवता म्हणायची आणि मामा वर्तमानपत्र थोडं वर धरायचे.

पण पोरगी ढ नव्हती. उलट फार तल्लख. तिला फार्मसीला जायचं होतं आणि ते तिनं आठवीपासून धरून ठेवलं होतं. औषधांच्या दुकानासमोरून जाताना ती बाटल्यांवरची नावं वाचत थांबायची. अभ्यासाला बसली तर दोन तासांत आठवड्याचं उरकायची, आणि तिथेच घात होता. दोन तासांत होतंय ना, मग आज कशाला? प्रयोगांचं तर तिनं मनावरच घेतलं नाही. घरात साक्षात मामा असताना जर्नलची काळजी कुणी करायची? परक्या पोरांना मिळतं ते आपल्याला मिळणार नाही होय!

मिळालं की. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात तिच्या जर्नलचे आठ प्रयोग कोरे होते. मामांनी चार दुपारी मागच्या खोलीत बसून तिच्या सगळ्या आकृत्या आणि तक्ते काढले. इतकं सुंदर जर्नल त्या शाळेत दुसरं झालं नसेल. तिनं फक्त शाईचं लिखाण केलं, आणि आदल्या दिवशी सगळ्या प्रयोगांची रीडिंग पाठ केली. हो, पाठ! कवितेसारखी. हेलकावे मोजायचे असतात, पाठ करायचे नसतात, हे त्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

प्रात्यक्षिकात वेगळं पास व्हावं लागायचं. तिथे गेलं तर वर्ष गेलं आणि फार्मसीही गेली. पण प्रात्यक्षिकात कधी कोणी नापास झालं होतं का? मामांच्या आठवणीत एकही नाही.

त्या वर्षी बाहेरून परीक्षक म्हणून एक बाई आल्या. तिशीच्या, बारीक चणीच्या, आवाज अजिबात न चढवणाऱ्या. चहा नको म्हणाल्या. मामांनी भरलेला कप तसाच परत नेला. चौतीस मुलांच्या जर्नलांचा गठ्ठा बाईंनी टेबलावर घेतला आणि मुलांना प्रयोगाच्या चिठ्ठ्या उचलायला लावल्या. घाईबाईच्या चिठ्ठीत निघाला लंबक.

मामा तीन हातांवर कपाटाशी उभे. परीक्षेत साहाय्यकानं मुलांशी बोलायचं नाही असा नियम, आणि मामा नियमाचे पक्के. पोरीनं शंभरचा दोरा हलवला. चाळीस पॉइंट दोन. पाठ केल्याच्या जवळच. नव्वदला अडतीस. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. पहिल्यांदाच प्रयोग करत होती बिचारी, आणि तिला तो आवडायला लागला होता. मग दोरा ऐंशीवर घेतला, वीस हेलकावे ओठांत मोजले आणि स्टॉपवॉच थांबवलं. छत्तीस. तिनं ते तक्त्यात लिहिलं आणि थबकली. पुन्हा एकदा मोजलं. पुन्हा छत्तीसच.

तिनं मान वर करून बापाकडे बघितलं.

मामांनाही आकडा दिसला होता. त्यांनाही ते जर्नल तोंडपाठ होतं. पोरगी हेलकावे मोजायला चुकली, दोनदा चुकली, असंच त्यांना वाटलं. आणि अडतीस वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यांनी त्या क्षणी केलं. नियम मोडला. हळूच, कुणाला दिसणार नाही अशी, नकारार्थी मान हलवली.

तिनं छत्तीस खोडलं आणि त्याच्या वर लिहिलं, एकोणचाळीस पॉइंट पाच.

दीडच्या सुमाराला बाई ओट्याशी आल्या. त्यांनी पोरीचा कागद बघितला, मग मागे जाऊन जर्नलांचा गठ्ठा उघडला. एक बघितलं, दुसरं, दहावं. खोलीत नळ गळल्याचा आवाज तेवढा येत होता.

“दोरा आखूड केला की वेळ कमी लागतो,” बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “इथे ऐंशीच्या दोऱ्याला नव्वदपेक्षा जास्त लागलाय. आणि बावीस जणांना एकदमच लागलाय. तुमच्यापैकी लंबक हलवला कुणी?”

बावीस जण आपापल्या बुटांकडे बघत होते.

बाईंनी त्या बावीस जर्नलांना शून्य दिलं. ते सोसण्यासारखं होतं, जर्नलला गुण थोडे. मग त्या पोरीकडे वळल्या.

“तुझं छत्तीस बरोबर होतं. का खोडलंस?”

“चुकलं असं वाटलं.”

“दोनदा मोजून? कशावरून वाटलं?”

पोरीनं हातातलं स्टॉपवॉच ओट्यावर ठेवलं.

“कुणी सांगितलं?”

तिनं वर बघितलं नाही. कपाटाकडे तर नाहीच नाही.

“हे बघ,” बाईंचा आवाज थोडा मऊ झाला, “परीक्षेला बसून पाठ केलेला आकडा लिहिणं ही नक्कल आहे, आणि नक्कल म्हणजे प्रयोगाला शून्य. पण तू स्वतः मोजलंयस हे मला दिसतंय. हा साडेएकोणचाळीस ह्या खोलीत येतो कुठून, आणि तुला तो लिहायला कुणी लावला, एवढं मला कुणीतरी सांगा. मग मी तुझं खोडलेलं धरते. चार वाजता गुणांचं पाकीट बंद होईल. तोपर्यंत मी इथेच आहे.”

मुलं बाहेर गेली. पोरगीही गेली.

अडीच तास! माणसाला खरं बोलायला अडीच तास पुरतात. मामांनी आधी सगळे स्टँड आवरले, कारण वस्तू जागच्या जागी ठेवल्याशिवाय त्यांना सुचत नसे. भिंगं पुसली. आधीच पुसलेली होती, पुन्हा पुसली. बाई एकट्या असतील तेव्हा सांगू असं ठरवलं, तर सर येऊन बसले. सर उठून व्हरांड्यात आले तेव्हा मामा त्यांच्यापाशी गेले.

“सर, मी सांगून टाकतो. जर्नल माझं आहे. मान मी हलवली.”

सरांचा चेहरा पडला. सगळ्या जर्नलांवर सह्या त्यांच्या होत्या.

“मामा, वेडेपणा करू नका. तुमची दोन वर्षं राहिली निवृत्तीला. परीक्षेत खूण केली म्हटल्यावर चौकशी बसेल, तुमची आणि माझीही. आत्ता नको. निकाल लागू दे, फेरतपासणीचा अर्ज करू. मी स्वतः लिहून देतो.”

आत्ता नको. मामांना ह्या दोन शब्दांपेक्षा ओळखीचं काही नव्हतं. छातीवरचं ओझं एकदम उतरल्यासारखं वाटलं. अर्ज करू. तोही रस्ता आहेच की. पळून का चाललंय?

तरी साडेतीनला ते एकदा बाईंच्या टेबलापर्यंत गेले. बाईंनी मान वर केली.

“काय मामा?”

“काही नाही. पाणी आणू का?”

“नको.”

चार वाजले. बाईंनी गुणांचा कागद पाकिटात घातला. पाकीट चिकटवणं हे साहाय्यकाचं काम. मामांनी डिंकाची बाटली आणली, कडेला बोट फिरवलं आणि पाकीट अंगठ्यानं दाबून धरलं, नीट, एक कोपरा सुटा न ठेवता. वस्तूंच्या बाबतीत ते पक्के होते.

निकाल लागला. ज्या एकवीस जणांनी लंबकाला हातही लावला नव्हता ते सगळे पास झाले. ज्या एकीनं तो दोनदा मोजला, ती गेली. अर्ज घेऊन मामा सरांकडे गेले, तर सर म्हणाले, “चौकशी केली मी. प्रात्यक्षिकाची फेरतपासणी होत नाही हो.” हे त्यांना त्या दिवशी ठाऊक नव्हतं की होतं, ते तेच जाणोत.

घरी आईनं मशीन थांबवलं आणि आठ दिवस पोरीला वाट्टेल ते बोलली. आळशी, बेफिकीर, बापाच्या वळणावर गेलेली. पोरीनं सगळं ऐकून घेतलं. मामा समोरच बसलेले असत. आज सांगू बायकोला, जेवण झाल्यावर सांगू, तिचा राग जरा निवळला की सांगू. राग निवळला, मग उगाच पुन्हा कशाला काढायचं म्हणून राहिलं. बैल गेला आणि झोपा केला असं म्हणतात. ह्या माणसानं तर बैल गेल्यावरही झोपा केला नाही.

नवं वर्ष सुरू झालं. पोरगी पुन्हा त्याच वर्गात, वर्षानं लहान मुलांबरोबर. पहिल्याच आठवड्यात, शाळा सुटल्यावर, ती प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. हातात कोरं जर्नल.

“लंबक हवाय.”

मामांनी निमूटपणे स्टँड काढला. दोरा बांधला. ती शंभरपासून सुरुवात करील असं वाटलं होतं, पण तिनं ऐंशी सांगितलं. मामांनी पट्टी लावून ऐंशी केलं. तिनं गोळा हलवला आणि मोजायला लागली. मामाही मनात मोजायला लागले. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच. वीस झाले. पस्तीस पॉइंट नऊ.

तिनं तो आकडा तक्त्यात लिहिला. तिचा तक्ता वाकडातिकडा होता, रेघा एकमेकींना धडकलेल्या. तिचा स्वतःचा होता.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. “मी त्या दिवशी सांगणार होतो गं,” ते म्हणाले. “खरंच सांगणार होतो.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “मी चार वाजेपर्यंत दाराबाहेर उभी होते.”

मामांनी किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरला. ती थोडा वेळ थांबली, अगदी थोडा. मग तिनं स्टॉपवॉच शून्यावर आणलं.

“मामा,” ती म्हणाली, “दोरा सत्तरवर करा.”